लूट : शब्दाचा प्रवास

इंग्रजांनी हिंदुस्थानातून जे जे नेले, त्यात 'लूट' हा शब्दही आहे. आज इंग्रजीत तो इतका रुळला आहे की, कॅनडातील वाढदिवसाच्या समारंभात पाहुण्या मुलांना देण्यात येणाऱ्या खाऊच्या पिशवीलाही 'लूट बॅग' म्हणतात!

मूळ शब्द आपलाच. तो संस्कृतातील 'लुण्ट्' धातूपासून आला की 'लुप्'पासून, याविषयी कोशकारांत एकमत नाही. इंग्रजीत तो हिंदीमार्गे शिरला. यूल व बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश १८८६ साली निघाला. त्यात म्हटले आहे की, १८४१ च्या सुमाराचे चीनचे युद्ध व १८५४-५५ चे क्रिमियाचे युद्ध यांच्या काळात हा शब्द विलायतेत सर्वतोमुखी झाला. पुढे १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा धुऊन नेला. तेथून आणलेले एक कुत्रे व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यात आले आणि त्याचे नाव ठेवले 'लूटी'! चोरीचा माल इतक्या निर्लज्जपणे मिरवलेला क्वचितच आढळेल.

या पार्श्वभूमीवर आपल्या सुरतेकडे पाहावे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. त्याच्या भाषेत 'लूट' अद्याप आलेलाच नव्हता. 'प्लंडर' होता, आणि तोही जर्मनमधून उसना घेतलेला.

मराठीत मात्र या शब्दाला दोन बाजू आहेत. दरोडेखोर लुटतात, पण आपण दसऱ्याला सोने लुटतो, सहलीत मौज लुटतो. गुजरातीत तो 'लूंट' असा अनुस्वारासह येतो, आणि उत्तरायणाला कामरेजच्या गच्च्यांवर पोरे कापलेले पतंग लूंटतात. दोन्ही भाषांनी एका कठोर शब्दाला सणाचे कपडे चढविले आहेत, हे आम्हांस विशेष वाटते.

तरीही इतिहासाच्या तासाला १६६४ व १६७० ही साले निघाली की, वर्गातील नजरा मराठी आडनावांकडे वळतात. मुले घरी येऊन विचारतात, "आपण लुटारू होतो का?" काही पालक हा शब्दच टाळतात, आम्हांला ते पटत नाही. सुरतेतील सावकार नागवले गेले, वीरजी व्होरा यांच्यासारख्यांची घरे लुटली गेली, घरेदारे जळाली, हे मुलांना सांगावे. शाहिस्तेखानाच्या फौजेने त्याआधी तीन वर्षे पुणे प्रांत उजाड केला होता, स्वराज्याचा खजिना रिता झाला होता आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते, हेही सांगावे. आमच्या वर्गात गुजराती व मराठी मुले एकाच बाकावर बसतात. तेथे यांपैकी एकच अर्धा भाग सांगून भागत नाही.