‘करंज’ पाणबुडीचे पहिले अधिपति : कॅप्टन मोहन नारायणराव सामंत

मालवणच्या किनाऱ्यावर आरमाराचा विषय निघाला म्हणजे बोलणें सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपासून, म्हणजे इ. स. १६६४ पासून, सुरू होतें आणि विजयदुर्गच्या धुळपांपर्यंत येऊन थांबतें. जणूं काय त्यापुढें मराठी माणसानें समुद्रावर कांहीं केलेंच नाहीं! ही समजूत किती अपुरी आहे हें दाखविण्यास एक चरित्र पुरेसें आहे. तें आम्ही येथें संक्षेपानें देत आहों. सामंत हें उपनांव परुळें-कुडाळ भागांतील वाचकांस घरचें वाटेल. परंतु केवळ उपनांवावरून वंशसंबंध जुळविणें इतिहासशास्त्रास संमत नाहीं, व आम्हीहि तसें करीत नाहीं.

भारतीय आरमारांत पाणबुड्या उशिरां आल्या. १९६५ सालीं सोव्हिएत संघाशीं करार झाला, आणि ८ डिसेंबर १९६७ रोजीं रीगा बंदरांत ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी आरमारांत दाखल झाली. पुढील सालीं ‘खांदेरी’ आली, व ४ सप्टेंबर १९६९ रोजीं ‘करंज’ आली. तिचे पहिले अधिपति कमांडर सामंत होत. खांदेरी व करंज हीं दोन्ही नांवें आमच्याच किनाऱ्यावरचीं, एक अलिबागेसमोरील जलदुर्गाचें व दुसरें उरणच्या बेटाचें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

या जातीच्या पाणबुडीची लांबी सुमारें ९१ मीटर, आणि आंत पाऊणशें माणसें. पृष्ठभागावर असतां ती डिझेल यंत्रांनीं चाले व त्याच वेळीं विजेच्या घटमाला भरून घेई. पाण्याखालीं गेल्यावर डिझेल यंत्रें बंद, व साठविलेल्या विजेवरच सर्व कारभार. यंत्रास हवा लागते, आणि पाण्याखालीं ती मिळत नाहीं, हें त्यामागील साधें कारण. म्हणून वीज संपण्यापूर्वीं निदान श्वासनलिका तरी पाण्याबाहेर काढणें प्राप्त होई, आणि शत्रूच्या नजरेस पडण्याचें भय त्याच घटकेस अधिक असे. पाणबुडीच्या अधिपतीची खरी परीक्षा तोफ डागण्यांत नसून आपलें अस्तित्व लपविण्यांत आहे. आमच्या मतें सामंतांच्या पुढील कर्तृत्वाची गुरुकिल्ली येथेंच सांपडते. कारण त्यांची कीर्ति झाली ती पाण्याखालीं नव्हे, तर उथळ नद्यांतून.

मार्च १९७१ च्या अखेरीस पूर्व पाकिस्तानांत कत्तल सुरू झाली. त्या सुमारास ‘मांग्रो’ ही पाकिस्तानी पाणबुडी फ्रान्सांतील तूलाँ बंदरीं होती. तिच्यावरील आठ बंगाली नाविक पळून निघाले व माद्रिद येथील भारतीय वकिलातीच्या साह्यानें हिंदुस्थानांत पोंचले. त्यांच्या येण्यानें नव्या योजनेस बीज मिळालें. आरमारप्रमुख ॲडमिरल नंदा व गुप्तवार्ताविभागाचे कॅप्टन मिहिर रॉय यांनीं ती उचलली, आणि तिचें चालकत्व सामंतांकडे आलें. भागीरथीच्या तीरीं, पळाशीस, छावणी पडली. तेथें चारशेंहून अधिक बंगाली तरुण पोहण्यांत व सुरुंग लावण्यांत तयार झाले. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. आमच्याकडे खडकांस कालवें चिकटतात तसे हे सुरुंग चुंबकाच्या योगानें जहाजाच्या तळास चिकटत. पाण्यांत विरघळणारी गुडदी विरली कीं स्फोट होई. ती वेळेपूर्वीं विरूं नये म्हणून तिजवर रबरी आवरण चढवीत. आज्ञा पोंचविण्याची युक्ति तर अपूर्व होती. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेलें एक गाणें लागलें म्हणजे सज्ज व्हावें, दुसरें लागलें म्हणजे निघावें. १५ ऑगस्टच्या रात्रीं चितगांव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज या चारहि बंदरांवर एकदम घाला पडला. एकट्या चितगांवांत ‘हॉर्मुझ’ व ‘अल् अब्बास’ हीं मालानें भरलेलीं जहाजें बुडालीं.

डिसेंबरांत उघड युद्ध पेटलें तेव्हां सामंत स्वतः नौका घेऊन निघाले. ‘पद्मा’ व ‘पलाश’ या मुक्तिवाहिनीच्या तोफनौका, आमच्या आरमाराची ‘पनवेल’ व सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ एवढाच तो काफिला. पद्मा व पलाश मूळच्या साध्या नौका. त्यांवर तोफा बसवून त्या लढाऊ केल्या होत्या. ज्यानें कर्ली खाडीचें मुख ओहोटीस पाहिलें आहे त्यास सुंदरबनांतील नद्यांची कल्पना करतां येईल. फरक एवढाच कीं तेथें खाडीमागून खाडी लागते. १० डिसेंबरच्या सकाळीं मोंगला घेतलें. चित्रांगदा तेथें ठेवून उरलेल्या तिघी पशूर नदीनें खुलन्याकडे गेल्या.

आणि मध्यान्हाच्या सुमारास खुलन्याजवळ विमानें आलीं. तीं शत्रूचीं नव्हतीं. भारतीय वायुदलाचीं नॅट विमानें होतीं. ओळखीसाठीं नौकांवर पिवळी खूण केलेली असतांहि हल्ला झाला, व पद्मा आणि पलाश दोन्ही गेल्या. पलाशवरील यंत्रकुशल रुहुल अमीन यांनीं नौका वांचविण्याचा यत्न सोडला नाहीं. जखमी होऊन ते तीरास लागले, तों रझाकारांनीं त्यांस ठार केलें. बांगलादेशानें त्यांस ‘वीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. विजयाच्या वर्णनांत या प्रसंगाचा उल्लेख ओझरता करण्याची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. स्वपक्षाच्या चुकीनें पडलेल्यांची नोंद शत्रूनें मारलेल्यांइतकीच स्पष्ट हवी. पनवेल बचावली, व सामंतांनीं पाण्यांत पडलेल्यांपैकीं पुष्कळांस वर घेतलें.

या एका काफिल्यांतील तिघांस महावीरचक्र मिळालें : सामंत, पनवेलचे नरोन्हा आणि नाविक चिमणसिंग. नवजात बांगलादेशाच्या आरमाराची प्रारंभींची घडी बसविण्याच्या कामांतहि सामंतांचा हात होता. परंतु पळाशीच्या छावणीची गोष्ट गुप्ततेस्तव दीर्घकाळ झांकलेलीच राहिली. संदीप उन्नीथन यांच्यासह सामंतांनीं लिहिलेला ‘ऑपरेशन एक्स’ हा इंग्रजी ग्रंथ निघाला तो २०१९ सालीं, आणि त्याच सालच्या मार्चांत सामंत निवर्तले. करंज तत्पूर्वींच, २००३ सालीं, सेवेंतून निवृत्त झाली होती. त्याच नांवाची नवी पाणबुडी १० मार्च २०२१ रोजीं मुंबईस आरमारांत दाखल झाली.