पत्त्याचा पत्ता

वाशीम जिल्ह्यातील अनसिंग येथे एक शाळा आहे अशी कल्पना करा. अतिवृष्टीमुळे शाळेला एकाएकी सुटी द्यायची आहे. मुख्याध्यापकांच्या वहीत फक्त आशाचा पत्ता आहे. आशाजवळ बाळूचा पत्ता आहे आणि बाळूजवळ चंदूचा. अशा रीतीने निरोप घरोघर जातो.

पुढे वर्गात दिनू नावाचा नवा मुलगा आला. साखळीत त्याला सर्वांत पुढे ठेवायचे ठरले. त्याने आशाचा पत्ता लिहून घेतला. मुख्याध्यापकांनी वहीच्या पानाची नक्कल लेखनिकाला देऊन सांगितले, "पत्ता बदला." लेखनिकाने नकलेवर आशाचा पत्ता खोडला, दिनूचा लिहिला आणि तो कागद टाकून दिला. मूळ वही होती तशीच राहिली! पुढच्या पावसात निरोप आशाकडेच गेला आणि दिनू बिचारा भिजत शाळेत आला.

'सी' या संगणक-भाषेत नवशिक्यांची नेमकी हीच चूक होते. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची लांबच लांब रांग. घराचा क्रमांक हाच त्याचा पत्ता. असा पत्ता ज्यात साठवतात तो पॉइंटर, म्हणजे दर्शक. निरनिराळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधली की स्ट्रक्चर होते. आपल्या स्ट्रक्चरमध्ये मुलाचे नाव, हजेरी क्रमांक आणि पुढच्या मुलाच्या स्ट्रक्चरचा पत्ता आहे.

समजा, आशाचे स्ट्रक्चर ५२०० या पत्त्यावर आहे आणि दिनूचे ६४०० वर. 'आरंभ' हा दर्शक २००० या घरात राहतो व त्यात ५२०० लिहिलेले आहे. फंक्शनला 'आरंभ' दिला, की सी भाषा त्याची फक्त नक्कल देते. समजा, ती ९००० या घरात आहे. फंक्शन तेथे ६४०० लिहिते, काम संपते, नक्कल नाहीशी होते. २००० मध्ये मात्र ५२०० च राहतात! दिनूने जागा तर अडवली आहे, पण तिचा पत्ता कोणाकडेच नाही. यालाच स्मृतीची गळती म्हणतात. दीर्घकाळ चालणाऱ्या संगणकात अशी गळती साठत गेली, तर जागा संपून काम बंद पडू शकते.

मग उपाय काय? लेखनिकाला नक्कल न देता वही कोठे आहे ते सांगायचे! फंक्शनला ५२०० न देता २००० द्यायचे, म्हणजे 'आरंभ' ऐवजी '&आरंभ'. हा पत्ता घेणारा तो दर्शकाचा दर्शक. साध्या दर्शकाच्या नावाआधी एक तारा (*) लिहितात, याच्या नावाआधी दोन (**). आता फंक्शन सरळ २००० या घरात जाऊन ६४०० लिहिते. दिनू साखळीत आला!

पॉइंटर अनेकांना अवघड वाटतो. म्हणूनच आपल्या विदर्भातील, नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी केवळ याच विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

करून पाहा : कागदावर ही सर्व घरे काढा, पत्ते लिहा आणि बाण जोडा. आता सांगा, बाळूने शाळा सोडली तर कोणत्या घरातील पत्ता बदलावा लागेल? आणि दिनूने सोडली तर?