सालामांकातील माझे दुसरे घर

स्पॅनिश भाषेची शिक्षिका व्हावे असे ठरवून मी चार महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी सांगलीहून स्पेनमधील सालामांका या गावी जायला निघाले, तेव्हा आमच्या घरी चर्चा झाली ती भाषेची नव्हे, जेवणाची. वडिलांची हळदीची पेढी. त्यांचा हिशेब सरळ होता. वसतिगृहात राहून मुलगी इतर परदेशी मुलींशी इंग्रजीच बोलेल, एखाद्या कुटुंबात राहिली तर भाषा पदरात पडेल. आजीने मात्र एवढेच विचारले, "बाळ, तिकडे दिवस कधी मावळतो?"

प्रश्न साधा वाटला, पण चार महिने तोच माझ्या सोबत राहिला. नकाशावर स्पेन ग्रीनिचच्या रेषेवर आणि तिच्या पश्चिमेला पसरलेला आहे. तरी 1940 पासून त्याची घड्याळे मध्य युरोपाच्या वेळेने चालतात. त्यामुळे तेथे सूर्य घड्याळापेक्षा मागे असतो. जूनअखेरीस सालामांकात पावणेदहाच्या पुढे सूर्यास्त होतो. मी सप्टेंबरच्या आरंभी पोहोचले तेव्हाही साडेआठपर्यंत लख्ख उजेड होता. घरातील मंडळी दुपारी अडीचला आणि रात्री साडेनऊला जेवत. माझे ताट आठ वाजता वाढायला यजमानीणबाईंनी आनंदाने होकार दिला. मी त्यांना 'सेन्योरा' म्हणे.

सालामांकाचे विद्यापीठ 1218 सालचे. स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण, नेब्रिखा या पंडिताचे, 1492 मध्ये याच गावात प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी व्याकरण शिकताना दडपण यायचे. पण मराठीने हात दिला. इंग्रजी बोलणारे सहाध्यायी 'मे गुस्ता' या रचनेपाशी अडखळत, कारण तिथे 'मी' कर्ता नसतो. आपल्याला ती जन्मापासून पाठ आहे : मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात. क्रियापद पुस्तकाच्या मागे जाते, माझ्या नाही. त्यांचे 'त' आणि 'द' हेही आपल्यासारखेच दंत्य. संत्र्याला 'नारांखा' म्हणतात हे ऐकून नारिंग आठवले, आणि हळदीला 'कुर्कुमा' म्हणतात हे वडिलांना कळवले तेव्हा त्यांनी लगेच तिथला किरकोळ भाव विचारला.

व्याकरण सोपे गेले, आणि एका शब्दाने मला पाडले. पहिल्याच दिवशी मी सेन्योरांना ठासून सांगितले होते, "मी कार्ने खात नाही." शब्दकोशात कार्ने म्हणजे मांस. त्यांनी कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचेही कागदावर लिहून घेतले आणि तो कागद फ्रीजवर चिकटवला. गावाजवळच्या ला आर्मुन्या भागातील मसूर प्रसिद्ध आहे. तमालपत्र आणि लाल मिरचीची पूड घालून त्या ती फार सुरेख करीत. दोन आठवडे मी ती वाटीवाटीने खाल्ली, घरच्या आमटीची आठवण काढत. एका दुपारी भांडे विसळायला घेतले, तर तळाशी हाड होते.

माझे हातपाय गार पडले. सेन्योरांना विचारले तर त्या निरागसपणे म्हणाल्या, "पण मुली, त्यात कार्ने नाही. नुसते हामोनचे हाड, चवीपुरते. मांस तुझ्या वाटीत मी कधी वाढले का?" त्या खोटे बोलत नव्हत्या. पुढे अनेकांकडून कळले की तेथे कार्ने म्हणताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ताज्या मांसाचा तुकडा येतो; डुकराच्या मांडीचा मुरवलेला हामोन, टूना मासा, हाडाचा रस्सा हे त्यांच्या मनात वेगळ्या खणात असतात. चीजचेही तसेच : पारंपरिक चीजसाठी दूध विरजायला बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील रेनेट वापरतात, आणि ते कोणी मुद्दाम सांगत नाही. शब्द मी बरोबर बोलले होते, अर्थ माझ्या घरचा होता.

रात्री आजीला फोन केला. मी रडले. ती रागावली नाही. "अजाणता झाले. उद्या उपवास कर, आणि त्या बाईला नीट समजावून सांग. तुला मास्तरीण व्हायचंय ना?" दुसऱ्या दिवशी उपवास केला आणि संध्याकाळी सेन्योरांसमोर बसून, चुकतमाकत, पाऊण तास अहिंसेवर स्पॅनिशमध्ये बोलले. कुठल्याही परीक्षेत इतकी घामाघूम झाले नव्हते. त्यांनी फ्रीजवरचा कागद काढला आणि नवा लिहिला. पहिलीच ओळ होती, 'हाडसुद्धा नाही'.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाने मागे गेली आणि सूर्यास्त एका रात्रीत साडेसहाच्या आत आला; नोव्हेंबर संपता संपता तो सहावर पोहोचला. आता मी साडेपाचला स्वयंपाकघरात एकटीच जेवू लागले. नेम सांभाळला, पण भाषा बंद पडली. कारण स्पेनमध्ये जेवणापेक्षा जेवणानंतरचे बसणे मोठे. त्याला 'सोब्रेमेसा' असा शब्दच आहे. ताटे उचलल्यावर तासतासभर वाद, चेष्टा, गावच्या बातम्या. वर्गात न मिळणारे सगळे तिथे मिळते. दुपारी वर्ग लांबत, म्हणून मला रात्रीची सोब्रेमेसाच उरली होती.

शेवटी मी साडेनऊला त्यांच्या मेजाशी नुसतीच बसू लागले. पुढ्यात पाणीही नाही. पहिले काही दिवस सेन्योरांना ते सोसवेना. पाहुणी समोर रिकामी बसली आहे आणि आपण घास घेतो आहोत, हे कोणत्या गृहिणीला रुचेल? घरातील आजोबांनी तोड काढली. ते साडेपाचला काठी टेकत येऊन माझ्यासमोर बसत, बिस्किटे दुधात बुडवून खात, आणि म्हणत, "आता तू एकटी नाहीस, रात्री मीही तुझ्यासारखाच कमी खाईन." खात मात्र ते पोटभर. पण त्या अर्ध्या तासात त्यांनी मला शेतकऱ्यांचे जे स्पॅनिश शिकवले, ते पाठ्यपुस्तकात नाही.

येत्या जूनपासून मी वर्गावर उभी राहणार आहे. 'कार्ने' हा शब्द शिकवायची वेळ येईल तेव्हा फळ्यावर अर्थ लिहिण्याआधी त्या हाडाची गोष्ट सांगायची, एवढे ठरवले आहे. सेन्योरांचा अधूनमधून फोन येतो. आजी शेजारी बसून ऐकते, आणि फोन ठेवताना आठवणीने विचारायला सांगते, आजोबा संध्याकाळी वेळेवर जेवतात ना.