एक अँपियर, एक वॅट, पाच मिनिटे

शस्त्रप्रणालीच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या विद्युत अभियंत्यापुढे मुख्य प्रश्न एकच असतो: वीज जिथे जायला नको तिथे ती जाणार नाही, याची खात्री काय? पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पिनाका या रॉकेट प्रणालीचा एक लाँचर 44 सेकंदांत 12 रॉकेटे सोडतो. इशारा मिळताच रॉकेट सुटलेच पाहिजे, हे पाहणारे पुष्कळ असतात. इशारा नसताना ते सुटता कामा नये, हे पाहणारा माणूस वेगळा, आणि बैठकीत काम लांबवल्याचा ठपका बहुधा त्याच्याच माथी येतो.

मुंबईच्या उपनगरांत या विद्येची जाणकार ठिकाणे आहेत. 1984 साली स्थापन झालेली, सूक्ष्मलहरींवर काम करणारी ‘समीर’ ही संस्था पवईच्या आयआयटीच्या आवारात आहे, तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांची सरकारी चाचणी प्रयोगशाळा, ईआरटीएल (वेस्ट), अंधेरीच्या एमआयडीसीत, सीप्झसमोर. सैन्यासाठीच्या उपकरणांच्या चाचण्या ‘जेएसएस 55555’ या मानकाने ठरतात: उष्णता, दमट हवा, खारे धुके, हादरे. त्यातले दमट हवा आणि खार हे दोन मुंबईकराला नवे नाहीत. कनेक्टरच्या पिना गंजवायला इथला पावसाळाही पुरेसा आहे.

कामाचा गाभा मात्र रॉकेट पेटवणाऱ्या इग्निटरमध्ये. त्यात एक बारीक तार, आणि तिला चिकटून थोडीशी दारू. तार तापली की दारू पेटते. जगभर वापरात असलेली कसोटी अशी, की तारेतून एक अँपियर प्रवाह किंवा एक वॅट शक्ती सलग पाच मिनिटे गेली तरी इग्निटर पेटता कामा नये. एक ओहमच्या तारेत एक अँपियर म्हणजे एक वॅटच. एक अँपियर, एक वॅट, पाच मिनिटे हे आकडे या क्षेत्रात पाढ्यासारखे पाठ असतात.

म्हणूनच तार शाबूत आहे का, एवढे पाहायलाही साधा मल्टिमीटर चालत नाही. त्यासाठी खास मीटर असतो, तोही दहा मिलिअँपियरच्या आसपासच प्रवाह सोडणारा. मोजणी संपली की दोन्ही टोके एकमेकांना जोडणारा शॉर्टिंग प्लग लगेच परत बसवायचा. मनगटावर अर्थिंगचा पट्टा असतो, कारण माणसाच्या अंगावरची स्थिर वीजही हिशेबात धरावी लागते: चाचणीत 25,000 व्होल्ट आणि 500 पिकोफॅरड. पावसाळी हवेत ती साठत नाही, पण एसीच्या कोरड्या खोलीत साठते.

पुढची चाचणी रडार आणि रेडिओच्या लहरींची. धातूच्या बंदिस्त कक्षात उपकरणावर लहरी सोडतात. जहाजाच्या डेकवरच्या उपकरणांसाठी क्षेत्राची तीव्रता मीटरला 200 व्होल्टपर्यंत जाते. या चाचणीच्या इग्निटरमध्ये दारू नसते, तार मात्र खरी असते. ती किती तापली हे काचतंतूने मोजतात, कारण मोजणारी वायर धातूची असली तर तीच अँटेना होऊन बसते. तारेत शिरलेला प्रवाह न पेटण्याच्या मर्यादेच्या 16.5 डेसिबल खाली हवा, म्हणजे सुमारे 15 टक्के. एका अँपियरऐवजी हाती राहतात 0.15 अँपियर.

इथवरचे सारे मोजलेले असते. नंतर येतो जोखमीचा तक्ता. अमेरिकन ‘मिल-स्टँडर्ड-882’मध्ये अपघाताच्या गांभीर्याच्या चार पायऱ्या आणि शक्यतेच्या सहा. गांभीर्य ठरवताना फारसा वाद होत नाही. शक्यतेचा रकाना मात्र टेबलाभोवती बसून भरला जातो, आणि वितरणाची तारीख जवळ आली की ‘अधूनमधून’चे ‘क्वचित’ होण्याचा मोह असतो. प्रवाह मीटरवर दिसतो, हा मोह दिसत नाही. जोखीम पत्करण्याचा अंतिम अधिकारही अभियंत्याचा नसतो, तो वरच्या अधिकाऱ्याचा. अभियंत्याने फक्त लिहून ठेवायचे.

या मानकाची पहिली आवृत्ती 1969 ची. त्याच्या दोन वर्षे आधी, 29 जुलै 1967 रोजी, टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर बाहेरच्या विजेवरून विमानाच्या स्वतःच्या विजेवर येताना झटका बसून एक झुनी रॉकेट सुटले. आग आणि बाँबस्फोटांत 134 जण मेले. रॉकेटची शेवटची विद्युत जोडणी उड्डाणाच्या तोंडावर, कॅटापल्टवर करायचा नियम होता. वेळ वाचावा म्हणून ती आधीच उरकली जात होती.

त्यामुळे धोका रचनेतूनच काढून टाकणे हा पहिला उपाय, ते न जमल्यास अडथळे, मग इशारे, आणि सगळ्यात शेवटी सूचनाफलक व प्रशिक्षण, असा क्रम मानकातच आहे. शॉर्टिंग प्लग याच क्रमात वर बसतो, ‘हात लावू नये’ ही पाटी तळाला. आणि एकदा मिळालेली मंजुरी कायमची नसते. केबल मीटरभर लांबली किंवा कनेक्टरचा पुरवठादार बदलला, तरी धोक्यांच्या नोंदवहीत नवी ओळ पडते आणि इग्निटरच्या मोजण्या पुन्हा कराव्या लागतात.