विश्लेषण : ‘आरटीई’तील एक किलोमीटरची अट पालकांना का खटकली?
शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट, अशी अधिसूचना राज्य सरकारने 9 फेब्रुवारी 2024 रोजी काढली. शहरांत एवढ्या अंतरावर महापालिकेची शाळा बहुधा असतेच. म्हणजे हक्क कागदावर, शाळेचे दार बंद! पालक, संघटना उच्च न्यायालयात गेले. दरम्यान, काही शाळांनी या जागांवर इतर मुलांना प्रवेशही देऊन टाकले. न्यायालयाने 6 मे रोजी स्थगिती दिली आणि 19 जुलैला अधिसूचना रद्द केली. आधी झालेले प्रवेश मात्र कायम राहिले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल उचलून धरला.