नेमके कुठे वाकायचे?

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर अर्धा किलोचे वजन आधी मधोमध ठेवा, मग पारड्याच्या एका कोपऱ्यात सरकवा. काटा चांगला असेल, तर आकडा बदलत नाही. तरफेचा धडा झालेल्या मुलांना हे जरूर दाखवावे. एखादी चौकस मुलगी लगेच विचारेल, ‘‘वजन टेकूपासून लांब नेले की परिणाम वाढतो ना? मग इथे का वाढला नाही?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. आकडा बदलत असता, तर पिशवी पारड्यावर कुठे ठेवायची यावरून दुकानदार आणि गिऱ्हाईक रोज भांडले असते.

अशा काट्याच्या आत बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा एक लांबट ठोकळा असतो. त्याला लोड सेल म्हणतात. त्याचे एक टोक काट्याच्या तळाला आणि दुसरे पारड्याला स्क्रूने जोडलेले असते. मध्ये आरपार भोक असते, चष्म्याच्या दोन भिंगांसारखे. वजन ठेवले की ठोकळा किंचित वाकतो. जेवढे बल तेवढे वाकणे, हा रॉबर्ट हुकने १६७८ साली मांडलेला नियम. ठोकळ्यावर धातूच्या अतिशय पातळ, नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. हे स्ट्रेन गेज. ते ताणले की त्यांचा विद्युत रोध वाढतो, दाबले की कमी होतो. अमेरिकेत १९३८ साली एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे तारेचे असे गेज तयार केले.

हा बदल असतो तरी किती? पूर्ण भार असताना गेजखालच्या धातूची लांबी साधारणपणे हजारात एक भाग बदलते. ३५० ओहम रोधाचे गेज असेल, तर त्यात फरक पडतो सुमारे ०.७ ओहमचा. एवढ्याशा फरकातून आपल्याला ग्रॅम मोजायचे असतात.

मग ठोकळा पातळ करून जास्त वाकू का देऊ नये? इथेच खरी अडचण आहे. एका टोकाला पक्की धरलेली पट्टी घ्या. तिची जाडी निम्मी केली, तर त्याच वजनाने पृष्ठभागाचे ताणले जाणे चौपट होते. हा फायदा. पण टोक खाली झुकणे आठपट होते. पट्टी स्प्रिंगसारखी डुलत राहते, झोक्याचा काळ जवळजवळ तिप्पट होतो आणि आकडा लवकर स्थिर होत नाही. शिवाय धातू फार ताणला, तर वजन काढल्यावर पूर्वस्थितीला येत नाही. म्हणजे ताण तर हवा, पण झुकणे नको.

यावरचे उत्तर त्या भोकात आहे. सगळा ठोकळा पातळ न करता फक्त चार ठिकाणी तो पातळ केलेला असतो : दोन्ही वर्तुळांच्या वर आणि खाली. वाकणे या चार जागांपुरतेच राहते आणि गेजही नेमके तिथेच चिकटवतात. बाकीचा धातू ताठ राहतो. त्यामुळे पुरेसा ताण मिळूनही एकूण झुकणे थोडेच असते.

या चार पातळ जागा चार बिजागऱ्यांसारख्या वागतात आणि ठोकळा समांतरभुज चौकोन बनतो. पारड्याकडचे टोक तिरके न होता सरळ खाली जाते. हीच युक्ती फ्रेंच गणिती रोबेर्व्हाल याने १६६९ साली आपल्या तराजूत दाखवली होती. दांडीच्या वर पारडी असलेले दुकानातले जुने काटे त्याच तत्त्वावर चालत.

वर्गात हे सहज करता येते. दोन लाकडी ठोकळ्यांच्या वर आणि खाली प्लॅस्टिकच्या दोन सारख्या फूटपट्ट्या घट्ट बसवा. एक ठोकळा टेबलाला बांधा, दुसरा मोकळा ठेवा. मोकळ्या ठोकळ्यावर पुठ्ठ्याची लांब पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर वजन जवळ-दूर सरकवा. झुकणे जवळजवळ तेवढेच राहील. मग एकच फूटपट्टी ठेवून प्रयोग पुन्हा करा. फरक मुलेच सांगतील.

चार गेजपैकी दोन ताणले जातात, दोन दाबले जातात. त्यांची व्हीटस्टन सेतूत अशी जोडणी करतात, की वजनाचा परिणाम मिळवला जातो आणि वजन सरकल्याचा परिणाम वजा होतो. तापमानाचेही तसेच. १० अंशांनी तापलेले अ‍ॅल्युमिनियम लाखात २३ भाग प्रसरण पावते, म्हणजे पूर्ण भाराने होणाऱ्या बदलाच्या जवळजवळ पाव. पण चारही गेजवर परिणाम सारखाच होत असल्याने तो बहुतांशी नाहीसा होतो.

कागदावर हे सोपे वाटते. आम्ही प्रयोगशाळेत एकदा असाच सेल केला. संगणकावरची आकडेमोड उत्तम जमली होती, पण वजन नसतानाच आकडा बदले. दोन दिवस आम्ही विद्युत मंडल तपासत बसलो. दोष होता बसवण्याच्या स्क्रूत. तो पातळ भागाच्या फार जवळ होता. स्क्रू आवळला की तिथला धातू ताणला जाई आणि गेज इमानाने तो ताणही मोजत. टोकाचा भाग लांब आणि भरीव केल्यावर आकडा जागेवर राहू लागला. गेजला वजनाचा ताण आणि स्क्रूचा ताण यांत भेद कळत नाही. तो भेद आकारानेच करावा लागतो.

आणि एवढे करूनही शेवटी कानस लागतेच. चारही पातळ जागा तंतोतंत सारख्या कापल्या जात नाहीत. म्हणून वजन कोपऱ्याकोपऱ्यात ठेवून आकडे पाहतात आणि हवे तिथे धातू किंचित घासतात. पुढच्या वेळी दुकानात गेलात, की पिशवी मुद्दाम कोपऱ्यात ठेवून पाहा. आकडा हलला, तर कुठे काय चुकले असेल, हा प्रश्न वर्गाला घाला.