लोगोला हाताने मारलेल्या शिक्क्याचा लूक कसा द्यायचा?

मसाले, पापड, गूळ विकणारे बरेच जण विचारतात, "सर, कॉम्प्युटरवर केलेला लोगो फारच गुळगुळीत दिसतो. जुन्या शिक्क्यासारखा कसा करायचा?"

फिल्टर शोधत बसू नका. लोगोचा खरा रबरी शिक्का बनवून घ्या. स्टॅम्प पॅडवर एकदाच दाबा आणि पुन्हा शाई न लावता पांढऱ्या कागदावर लागोपाठ आठ-दहा ठसे मारा. पहिला भरगच्च येईल, शेवटचा पुसट. मधला एखादा बरोबर हवा तसा सापडतो. शिक्काही वाया जात नाही, कागदी पिशव्यांवर तोच चालतो.

निवडलेला ठसा 600 डीपीआयवर स्कॅन करा. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'थ्रेशोल्ड'ने तो निव्वळ काळा-पांढरा करा, 'कलर टू अल्फा'ने पांढरा भाग काढा आणि पीएनजी सेव्ह करा. मोठ्या बोर्डासाठी इंकस्केपमध्ये 'ट्रेस बिटमॅप' करून एसव्हीजी बनवा, म्हणजे मोठा केला तरी फाटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मराठी अक्षरांत अनुस्वार आणि मात्रा आधी उडतात. 'आंबा'वरचं टिंब गेलं की 'आबा' झाला! म्हणून पाकिटावर असेल त्याच आकारात प्रिंट काढा आणि घरातल्या कुणालातरी वाचायला द्या. ते अडखळले, तर दुसरा ठसा घ्या.

एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, एमआरपी आणि तारीख मात्र कायम स्वच्छ अक्षरांतच. जुना दिसायचाय तो लोगो, माल नव्हे!